एफसीला कुठलं इंजिन?

अमेरिकन पिकअप म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती शेव्हरोले ३१००. गोल नाक, फुगीर मडगार्ड, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. १९४७ ते १९५५ या काळातल्या या गाड्या तिकडच्या हौशी लोकांनी गोठ्यांतून आणि गवतातून उचलल्या, पत्रा सरळ केला आणि आत आजचं व्ही-एट इंजिन, पॉवर स्टेअरिंग, डिस्क ब्रेक, एसी बसवला. दिसायला १९५० ची, चालायला आजची. या प्रकाराला तिकडे ‘रेस्टोमॉड’ असं नाव पडलं आहे आणि त्यावरून होणारी भांडणंही आता जुनी झाली आहेत.

नगर जिल्ह्यात अशी शेव्हरोले शोधायला निघालात तर चपला झिजतील. (जिल्हा आता कागदोपत्री अहिल्यानगर आहे, बोलताना जुनं नाव सुटत नाही, म्हणून इथेही ते सोडलेलं नाही.) जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. फोर्डचाही मुंबईत कारखाना होता. पण सुटे भाग बोटीने आणून इथे नुसते जोडायचे, हा धंदा स्वतंत्र भारताच्या सरकारला मान्य नव्हता. गाडी इथे बनवायची असेल तरच थांबा, असं धोरण आलं आणि १९५४ च्या सुमारास दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्यामुळे अमेरिकन गाडी खेड्यापर्यंत पोचली ती मुख्यतः दोन वाटांनी. एक मिलिटरी डिस्पोजल, म्हणजे महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेल्या जीपा आणि डॉज. दुसरी वाट महिंद्रांची. १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ म्हणून सुरू झालेल्या या कंपनीतले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, इकडे पाटीवरचं नाव बदललं, आणि १९४९ मध्ये माझगावात विलीज जीप जोडली जाऊ लागली.

त्याच जीपच्या घराण्यातली पिकअप म्हणजे एफसी-१५०. फॉरवर्ड कंट्रोल. मिलवॉकीच्या ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने काढलेलं हे रूप १९५६ च्या अखेरीस अमेरिकेत बाजारात आलं. बोनेट नाहीच. ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या डोक्यावर बसतो आणि इंजिन केबिनच्या आत, दोन सीटांच्या मधे. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जीपइतकंच, ८१ इंच. हौदा मात्र सहा फुटांच्या वर. तिकडे या गाडीचं उत्पादन आवरत आलं त्याच सुमारास, १९६५ मध्ये, महिंद्रांनी ती इथे बनवायला घेतली. तिच्या मिनीबस झाल्या, रुग्णवाहिका झाल्या, कांदे-भाजीपाल्याच्या गाड्या झाल्या. चपट्या तोंडाच्या त्या गाडीला लोक नुसतं ‘एफसी’ म्हणत. ती अमेरिकन आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नसे.

खालचा वाद अशाच एका एफसीवरून आहे. १९६८ सालची ही गाडी राहुरी तालुक्यात शेताच्या बांधावर कडुनिंबाखाली पडून आहे, असं धरा. मामांनी सगळी हयात नगरच्या स्टेशन रोडला गॅरेजमध्ये घालवलेली. भाची पुण्यात वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. गाडी आणि ही दोन माणसं माझ्या मनातली आहेत. मॉडेल, कायदा आणि पेच खरा आहे.

भाची : मामा, माझं ठरलंय. हे डिझेल इंजिन उतरवायचं आणि पेट्रोलचं हरिकेन परत बसवायचं. कंपनीतून निघाली होती तशी गाडी उभी करायची.

मामा : कंपनीतून निघाली तशी तू पाहिलीयेस कधी?

भाची : फोटोत.

मामा : मी चालवलीये. चैत्रात इमामपूरचा घाट चढताना इंजिन कुठं असतं बघ. तुझ्या न माझ्या मांडीच्या मधे. वरती नुसतं पत्र्याचं झाकण. पाण्याचा कॅन शेजारी ठेवल्याशिवाय नगर सोडायचं नाही, असा नियम होता आमचा. तुला ते दिवस परत आणायचेत?

भाची : ते इंजिन वाईट नव्हतं. २,१९९ सीसी, सत्तर-पंचाहत्तर हॉर्सपॉवर. इनटेक व्हॉल्व हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व ब्लॉकमध्ये, अशी रचना आता कुणी करतच नाही. महायुद्धातल्या जीपच्या साठ हॉर्सपॉवरच्या इंजिनावर हेड बदलून त्यांनी ही जास्तीची ताकद काढली. मला ते इंजिन चालताना ऐकायचंय.

मामा : ऐकायचं असेल तर माझ्या लेथवाल्याकडे एक पडलंय, स्टँडवर चढवून ऐक. गाडीत कशाला? ही गाडी पेट्रोलवर किती चालली असेल? सहा-सात वर्षं. त्र्याहत्तरला अरबांनी तेल आवळलं आणि पेट्रोल भडकलं. त्याच्या आदल्या वर्षी दुष्काळ. माणसं खडी फोडायला गेलेली, आणि मालकानं पेट्रोल जाळत गाडी फिरवायची? डिझेल त्या मानानं स्वस्त होतं. इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन घातलं, २,३५० सीसीचं. त्यानंतर पुढची सगळी वर्षं गाडी त्याच्यावर चालली. पोरांच्या फिया त्याच्यावर निघाल्या, दोन लग्नं झाली. आता तू म्हणतेस ते इंजिन खोटं आणि सहा वर्षांचं खरं.

भाची : खोटं नाही म्हणत. नंतरचं म्हणते.

मामांनी सांगितलेली ही गोष्ट एका गाडीपुरती नाही. त्या दशकात मुंबईच्या टॅक्सींपासून तालुक्याच्या जीपांपर्यंत असंख्य पेट्रोल गाड्यांची पोटं बदलली गेली. मोठ्या अमेरिकन मोटारींत पर्किन्सची डिझेल इंजिनं गेली. महिंद्रांनी स्वतःच पुढे जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन दिलं, म्हणजे गॅरेजवाल्यांनी जे केलं तेच कंपनीने केलं. १९६३ मध्ये त्यांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. ज्या इंजिनावर नांगरट होत होती तेच रस्त्यावर आलं. अमेरिकेतला हौशी माणूस सुट्टीच्या दिवसाच्या मौजेसाठी इंजिन बदलतो. इथे ते बदललं गेलं कारण त्याशिवाय गाडी दारात उभी राहिली असती. दोन्हीला ‘मॉडिफिकेशन’ म्हणायची पद्धत आहे, पण मला त्यांत फारसं साम्य दिसत नाही.

मामा : आणि तुला वाटतं मी जुनाट माणूस म्हणून डिझेलला चिकटलोय? मी तर हे डिझेलही काढायला तयार आहे. बोलेरोचं इंजिन बसवू. पॉवर स्टेअरिंग, पुढं डिस्क ब्रेक, एसी. रंग मेटॅलिक. बाहेरनं एफसी, आत सगळं आजचं. कुठं उभी केली तरी माणसं गोळा होतील.

भाची : मग ती एफसी कुठे राहिली? नुसतं मुखवट्याचं तोंड राहिलं. आणि मामा, कायद्याचं काय? २०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पन्नास वर्षांपुढची गाडी, मूळ रूपात जपलेली, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली. अशा गाडीला वेगळी नोंदणी, वेगळा नंबर. ‘एमएच’च्या पुढे ‘व्हीए’. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षं चालते, नंतर पाच हजारांत पुन्हा. भंगारात घालायची भीती नाही.

मामा : आणि त्या नंबरावर कांद्याच्या गोण्या नेप्तीच्या बाजारात नेता येतात?

भाची : नाही. व्यावसायिक वापर करता येत नाही.

मामा : बरं, गोण्या राहू दे. देवीला, मोहट्याला जाऊन येता येतं?

भाची : नाही. रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं, एवढंच.

मामा : म्हणजे पेट्रोल भरायला पंपावर जायचं आणि पंपावरनं घरी यायचं. अगं, मग भरायचं कशाला? ही गाडी आहे पिकअप. ओझं वाहायला जन्माला आली. तुझा कायदा म्हणतो, तू लई जुनी झालीस, आता तुझा मान म्हणून तुला कामाला लावत नाही. म्हाताऱ्या माणसाला असा मान दिला तर तो आठ दिवसांत आजारी पडतो.

भाची : पिकअपचा आणखी एक घोळ आहे. पुस्तकात ही गाडी मालवाहू म्हणून असेल. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या मोटारी होत्या, कांद्याची गाडी नव्हती. तेव्हा आरटीओत आधी विचारूनच पुढे जावं लागेल.

मामा : बघ! तूच बोललीस.

इथे मामांची बाजू जड आहे, असं मला वाटतं. नियमाने जपायची ठरवली ती कारखान्याच्या दारातून निघालेली गाडी. त्या दारापासून पुढे मुलखात तिचं जे काही झालं ते नियमाच्या लेखी ‘बदल’ या एका शब्दात संपतं. ज्या गाड्या कमी वापरल्या गेल्या, ज्यांचे मालक पेट्रोलच्या भावाने डगमगले नाहीत, त्यांच्याच गाड्या मूळ रूपात उरल्या. राबलेल्या गाड्यांना इतिहासात जागा हवी असेल तर त्यांनी आपलं राबणं पुसून यायचं. मात्र मामा यापुढे जे बोलले ते भाचीने सहज सोडून दिलं नाही, आणि तेही बरंच झालं.

मामा : आणि बदलाला एवढं नाक मुरडतेस, तर आपल्या गावात काय आहे ते बघ. लष्कराची आर्मर्ड कोअरची शाळा इथं. रणगाड्यांवर काय काय झालं ते इथल्या मेकॅनिकांना विचार. अमेरिकन शर्मन आले, त्यांतल्या काहींवर फ्रेंच तोफ चढवली. रशियाचा टी-५५ आला, त्याची शंभर मिलिमीटरची तोफ काढून आपण १०५ मिलिमीटरची बसवली, ती इंग्रजांच्या घराण्यातली. कुणी म्हटलं का, हा आता टी-५५ राहिला नाही? रणगाडा लढला पाहिजे, गाडी चालली पाहिजे.

भाची : छान. आता मला सांगा, ती तोफ बसवताना कुणी लेथवाल्याला बोलावून ‘इथे जरा चिकटव’ म्हटलं होतं का? नकाशे काढले, चाचण्या घेतल्या. असं काम करणारी व्हीआरडीई तुमच्याच गावात, वाहननगरला आहे. देशात कुठलीही नवीन गाडी रस्त्यावर यायच्या आधी ज्या मोजक्या संस्थांकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यांच्यातलं ते एक नाव आहे. पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई. तुम्ही डिझेल बसवलं तेव्हा कुणाकडे गेला होतात?

मामा : ...

भाची : मी काल खाली वाकून बघितलं. इंजिनाचे माउंटिंग चासीला वेल्डिंगनं जोडलेत. डावीकडच्या वेल्डिंगजवळ चासीला तडा आहे, त्याच्यावर पट्टी मारलीये, आणि पट्टीच्या शेजारी नवा तडा. या गाडीचं वजन मुळातच पुढे. ड्रायव्हर पुढच्या एक्सलवर, इंजिन पुढच्या एक्सलजवळ, आणि चाकांमधलं अंतर कमी. रिकाम्या गाडीला उतारावर जोरात ब्रेक लावला तर मागची बाजू हलकी होते. पहिल्या एफसी तर इतक्या अरुंद होत्या की १९५८ मध्ये कंपनीला दोन चाकांमधली रुंदी वाढवावी लागली. अशा गाडीच्या नाकावर तुम्ही आणखी जड डिझेल इंजिन ठेवलंत आणि ब्रेक तेच जुने ड्रमचे ठेवलेत.

मामा : हौद्यात माल असला की काही होत नव्हतं.

भाची : आणि रिकामी परत येताना?

मामा : परत येताना हळू यायचं.

भाची : हे इंजिनिअरिंग नाही, मामा. हे नशीब.

मामा : नशीब नाही, हात. ब्रेक किती दाबायचा ते पायाला कळत होतं. पण तू म्हणतेस ते मी ऐकलं. तडा मी बघितला नव्हता. आता हेच बघ ना, तू माझीच बाजू मांडतेस. गाडी धोक्याची म्हणून तर मी डिस्क ब्रेक म्हणतोय! तुझ्या मूळ गाडीलाही ड्रमच होते. तू सगळं मूळ केलंस तर ब्रेकही मूळच येणार. आजच्या रस्त्यावर, शेजारून कंटेनर जातोय, पुढं स्कॉर्पिओ कचकन थांबतीये, आणि तू १९५६ चे ब्रेक घेऊन मागं.

भाची : इंजिन हलकं झालं की निम्मा प्रश्न सुटतो.

मामा : निम्मा. उरलेल्या निम्म्यात माणूस मरतं.

भाची थोडा वेळ गप्प बसली. ती हरली म्हणून नव्हे. आपल्याच मुद्द्याला दोन तोंडं आहेत हे तिच्या लक्षात आलं होतं. मग तिने पुस्तकातलं अस्त्र काढलं.

भाची : जगातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांची एक संघटना आहे, फिवा. त्यांनी २०१२-१३ मध्ये ट्युरिनची सनद केली, जुनी वाहनं कशी जपायची याची. सुरक्षेसाठी काही भर घालावी लागली तर घाला, पण ती लिहून ठेवा, आणि उद्या काढता येईल अशी घाला. चासी कापायची नाही. बोल्टने बसेल, बोल्टने निघेल. असे डिस्क ब्रेक मला चालतील.

मामा : ही सनद त्यांनी मनानंच केली?

भाची : नाही, जुन्या इमारतींसाठी १९६४ मध्ये व्हेनिसला एक सनद झाली होती, तिच्यावर बेतली.

मामा : त्यात काय म्हटलंय? एखादा वाडा असेल, पेशवाईत बांधलेला, इंग्रजी अमदानीत त्याला कौलं चढली, मग कुणी खांब बदलले. तर काय, कौलं काढून टाकायची?

भाची : ...नाही. वेगवेगळ्या काळांनी घातलेली चांगली भर मान्य करायची असं त्यात आहे. सगळं एकाच काळाचं दिसलं पाहिजे हा दुरुस्तीचा हेतू नाही, असंही.

मामा : मग माझं डिझेल ही भर नाही का? त्र्याहत्तर साली जगात तेलाची बोंब झाली, ती राहुरीच्या शेतात कशी पोचली, हे सांगणारी दुसरी वस्तू दाखव मला. हे इंजिनच ते सांगतंय. तू ते भंगारात घालून फोटोतलं इंजिन आणणार.

भाची : भंगारात नाही. शेडमध्ये ठेवू.

मामा : म्हणजे वृद्धाश्रम.

(सनदेचा असा उलटा वार व्हेनिसमधल्या कुणाला सुचला नसेल. पण मामांचं मन एका जागी नाही, हे वाचकाच्या ध्यानात आलंच असेल. मघाशी त्यांना बोलेरोचं इंजिन हवं होतं. आता जुनं डिझेल इतिहास झालं. वादात असं होतं, आणि घरच्या वादात तर होतंच.)

भाची : ठीक आहे, मग दाराचं काय? तुम्हाला मेटॅलिक रंग मारायचाय ना? दारावर दूध संस्थेचं नाव आहे, हाताने काढलेलं. पिवळी अक्षरं, त्यांना लाल सावली. फाळक्यावर कमळ आणि दोन पोपट. ते सगळं घासून टाकायचं?

मामा : ते... ते राहू दे.

भाची : का?

मामा : तो पेंटर माझ्या शेजारी बसायचा. चहा पिताना ब्रश कानावर. आता तसं कुणी काढत नाही, रेडियमची पट्टी कापून चिकटवतात.

भाची : पण मी मूळ रंगापर्यंत गेले तरी ते जाणार. वरचा हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली कंपनीचा. दाराच्या आतल्या कडेला खरवडून बघितलं मी. तुमचा मेटॅलिक मारला काय किंवा माझा कंपनीचा काढला काय, पेंटर दोघांच्या हातून पुसला जातोय.

मामा : देवाच्या मूर्तीवर शेंदूर चढत जातो, मग एखाद्या दिवशी ते कवच गळतं आणि आतून वेगळीच मूर्ती निघते. लोक म्हणतात मूळ देव दिसला. पण इतकी वर्षं नमस्कार केला तो कुणाला?

भाची : हे तुमचं उत्तर आहे की प्रश्न?

मामा : मला काय माहीत. दार बाजूला ठेव. इंजिनाचं बोल. तुझं हरिकेन आणलं, समजा. आता पंपावर पेट्रोल कुठलं मिळतं? वीस टक्के इथेनॉल घातलेलं. ऊस आपला, कारखाने आपले, इथेनॉल आपलं, आणि ते तुझ्या अमेरिकन पेट्रोल पंपाचा रबरी पडदा खाणार. कार्बोरेटरची पॅकिंगं फुगणार. चार महिने गाडी उभी ठेवली की टाकीत पाणी धरणार.

प्रवरेकाठी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५० च्या हंगामात त्याचं पहिलं गाळप झालं, आणि त्यानंतर या जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली. कारखान्याच्या शेतकी खात्याची जीप बांधावर आली की ऊसतोड ठरायची. जीप गावात आणणारा ऊस, आणि आता त्याच घराण्यातल्या जुन्या इंजिनाच्या नळ्या कुरतडणाराही ऊसच, हे मामांनी हसत सांगितलं खरं, पण मुद्दा विनोदी नाही. जुनी पेट्रोल इंजिनं जपू पाहणाऱ्या सगळ्यांना सध्या ही चिंता आहे.

भाची : पडदा बदलता येतो. इथेनॉल सोसणारं रबर मिळतं. टाकी आतून साफ करून लेप द्यायचा, नळ्या बदलायच्या. आणि त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन सातच्या आसपास. कसलंही पेट्रोल चालतं त्याला, ठोकत नाही. सुट्या भागांचीही ओरड नाही. महिंद्रांनी त्या घराण्याच्या जीपा इतकी वर्षं बनवल्या की कुर्ल्याला रिंग-पिस्टनपासून डेल्कोपर्यंत सगळं मिळतं.

मामा : सगळं नाही मिळत. एफसीची काच मिळत नाही. दाराचं रबर मिळत नाही. पुढचा पत्रा सडला तर ठोकूनच करावा लागतो, आणि पत्र्याचं काम करणारी ती माणसं आता नाहीत. तुझी गाडी मूळ करायला मूळ कारागीर पण लागतो. तो कुठल्या नियमात बसतो?

भाची : तुम्ही आहात ना.

मामा : मी इंजिनवाला. पत्र्याचं मला विचारू नको.

तेवढ्यात भाचीने विचारलं ते आधीच विचारायला हवं होतं. गाडीचं आरसी बुक. ते देवघराच्या फडताळात, पत्रिकांच्या गठ्ठ्यात निघालं. जुनं, हाताने भरलेलं, कडा झिजलेल्या. इंधनाच्या रकान्यात शाईने ‘पेट्रोल’. त्यापुढे कसलीही नोंद नाही.

भाची : मामा, तुम्ही इंजिन बदललं ते आरटीओत कळवलंच नव्हतं?

मामा : त्या वेळी कोण कळवत होतं? मालक म्हणाला कळवतो. नसेल कळवलं.

भाची : म्हणजे कागदावर ही गाडी अजून पेट्रोलचीच आहे.

मामा : आणि पासिंगच्या वेळी?

भाची : ते मला विचारू नका, ते तुम्हालाच माहीत. आता ऐका. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम. परवानगीशिवाय गाडीचा तपशील बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात तेच घट्ट केलं. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल केला तर ती नोंदणी चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंड आला. बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मामा : प्रत्येकी? म्हणजे इंजिन एक, माउंटिंग दोन...

भाची : मोजू नका. तुम्ही म्हणता तसं बोलेरोचं इंजिन, स्टेअरिंग, एसी घातलं तर बेकायदा गाडी आणखी बेकायदा होईल. तुमचं डिझेल ठेवलं तरी ती कागदाशी जुळत नाही. हरिकेन बसवलं तरच पुस्तकात लिहिलंय तशी गाडी होते.

मामा : म्हणजे तू जिंकलीस.

भाची : नाही. कारण ‘व्हीए’ नंबर मी पण घेणार नाही. मला ती चालवायचीये. साधी नोंदणी जिवंत करता येते का ते बघू, जे काय पासिंग लागेल ते रीतसर करू. आणि डिस्क ब्रेकची परवानगी लेखी मागू. मिळाली तर बसवू.

मामा : नाही मिळाली तर?

भाची : तर परत येताना हळू यायचं.

मामा हसले, मग उठून इंजिनाचं झाकण उचललं. आत कोळ्यांची जाळी होती. त्यांचं बोलणं त्यानंतर वादाचं राहिलं नाही असं मात्र समजू नका.

मामा : हे डिझेल उतरवलं तर त्याचा नंबर लिहून ठेव. कधी बसवलं, कुणी बसवलं, हौजिंगची प्लेट कुठल्या लेथवर केली, सगळं मी सांगतो, तू लिही. तुझ्या त्या सनदेत बसतं ना हे?

भाची : बसतं.

मामा : आणि तुला टॅपेट सेटिंग जमणार आहे का? या इंजिनाचे एक्झॉस्टचे टॅपेट बाजूच्या कव्हरच्या आत असतात. इनटेकचे वर. दोन्हीचा गॅप वेगळा. गिअर तीन, त्यात पहिला सिंक्रो नसलेला. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागतो. तुमच्या पिढीला क्लचच माहीत नाही, दोन कुठून मारणार?

भाची : शिकवा.

मामा : शिकवीन. चासी आधी उघडी करायची, तडा खालपर्यंत गेला असेल तर सगळंच बोलणं फुकट आहे. ते झालं की हरिकेन. लेथवाल्याकडच्या इंजिनाला कार्बोरेटर नाही, तेवढा तू पुण्यात बघ. रविवारी जुन्या बाजारात मिळून जाईल. सोलेक्स घे.

भाची : सोलेक्स? या इंजिनाला अमेरिकेत कार्टर होता.

मामा : इथं सगळे सोलेक्सच टाकायचे. ॲव्हरेज चांगलं देतो, सेटिंग हलत नाही.

भाची : कार्टर मिळाला तर कार्टरच घेणार.

मामा : घे. त्याच्या आतली सुई झिजलेली असेल, पेट्रोल वरून वाहील, मग रात्री मला फोन करशील.

भाची : करीन. पण आणणार कार्टरच.

मामा : मग दोन्ही आण. सोलेक्सचे पैसे मी देतो.